धारवाडच्या खडकांना नाव देणारे ब्रूस फूट

माझ्या आजीला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात तिच्या लहानपणी जन्माची नोंद करण्याची फारशी पद्धत नव्हती. पण तिला वय विचारले म्हणजे ती गप्प बसत नसे. ती थोरल्या भावाच्या पाठची, मधल्या मावशीच्या आधीची. घराची नवी पडवी बांधली तेव्हा पाळण्यात होती. आणि गावची विहीर खणली तेव्हा परकर नेसून पाटी वाहण्याइतकी मोठी झाली होती. एवढ्या भांडवलावर सबंध घराण्याची वडील-धाकटेपणाची उतरंड ती बिनचूक लावी. कचेरीत कागद करायची वेळ आली तेव्हा मात्र कारकुनाला साल हवे होते. मग कोणीतरी अंदाजाने एक साल सांगितले, आणि तेच तिचे जन्मसाल ठरले.

भूविज्ञानाच्या तासाला सापेक्ष वय आणि निरपेक्ष वय हे दोन शब्द प्रथम कानी पडले तेव्हा मला आजी आठवली. दोन खडकांपैकी वडील कोण आणि धाकटा कोण हे सांगणे म्हणजे सापेक्ष वय. आणि प्रत्येकाचे वर्षांत वय सांगणे म्हणजे निरपेक्ष वय. पहिले काम आजीचे, दुसरे कारकुनाचे. त्याच आठवड्यात आमचे सर आम्हाला गावाबाहेरच्या एका टेकाडावर घेऊन गेले. हातोड्याने फोडलेला तांबूस-करडा, पापुद्रे सुटणारा एक तुकडा हातावर ठेवून त्यांनी सांगितले की, या जातीच्या खडकांना जगभरच्या ग्रंथांत आपल्या धारवाडचे नाव आहे, आणि ते नाव रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दिले आहे. मी लगेच विचारले, की मग त्यांनी या खडकाचे वय किती सांगितले? सर हसले. फूट यांनी वय सांगितलेच नव्हते. ते सांगण्याचे साधन त्यांच्या आयुष्यात कोणाच्याच हाती नव्हते. साल ठाऊक नसताना वंशावळ लावणाऱ्या या माणसाविषयी मला तेव्हापासून कुतूहल वाटू लागले. पुढे ग्रंथालयात जे वाचायला मिळाले, त्यातून त्यांचे चरित्र माझ्यापुरते जुळवले. तेच येथे सांगतो.

फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली कलकत्त्यास सुरू झाली होती. तिच्यात फूट डिसेंबर १८५८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी दाखल झाले आणि त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. देशभर कोळसा कोठे, लोखंड कोठे, सोने कोठे याचा शोध घेण्यासाठी सरकारला खडकांचे नकाशे हवे होते. पाऊस संपला की बाहेर पडायचे, उन्हाळा कडक होईपर्यंत तंबूत राहून रानोमाळ हिंडायचे, आणि पावसाळ्यात कचेरीत बसून नकाशा व अहवाल पुरा करायचा, असे या नोकरीचे वर्ष असे. फूट यांनी हे ३३ वर्षे केले.

त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र एका दगडी हत्यारामुळे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे कवायतीच्या मैदानाजवळच्या एका खाणीत त्यांना माणसाने घडवलेला एक दगड मिळाला. त्यांच्यापूर्वी तेथून कितीतरी लोक गेले असतील. पण फ्रान्समधील सोम नदीच्या गाळात प्राचीन मानवाची हत्यारे मिळतात, ही गोष्ट विद्वानांनी मान्य करून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि फूट यांच्या डोळ्यांना ती ओळख होती. त्याच वर्षी सप्टेंबरात, सहकारी विल्यम किंग बरोबर असताना, अत्तिरामपक्कम येथे अशा हत्यारांचा मोठा साठाच त्यांना सापडला. भारतातील पुराणाश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ येथून धरतात. हत्यारे किती जुनी, हे तेव्हा सांगता येत नव्हते. पण ती जांभ्याच्या थरात रुतलेली होती, तेव्हा तो थर साचण्याच्या वेळी किंवा त्याच्या आधी कोणीतरी माणूस ती टाकून गेला असला पाहिजे, एवढे निश्चित होते. फूट यांच्या विचाराची रीत या एका उदाहरणात पुरेपूर दिसते. वस्तू कशात सापडली आणि त्याच्या वर-खाली काय आहे, हे त्यांचे पहिले प्रश्न असत.

ही रीत तशी जुनीच. निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या विद्वानाने १६६९ साली तिचे पहिले सूत्र मांडले : गाळाचे थर एकावर एक साचतात, म्हणून खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. विहीर खणणाऱ्या आमच्या गावच्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. दुसरे सूत्र असे, की एखादा खडक दुसऱ्याला चिरून आत शिरला असेल तर चिरला गेलेला आधीचा. जुन्या वाड्याच्या भिंतीला गेलेली भेग पाहून भिंत आधी की भेग आधी असा प्रश्न कोणी विचारीत नाही, तसेच हे. तिसरे सूत्र गोट्यांचे. नदीकाठी साचलेल्या गोट्यांचा पुढे घट्ट दगड बनतो, त्याला पिंडाश्म म्हणतात. त्या पिंडाश्मात ज्या खडकाचे गोटे असतील, तो खडक पिंडाश्माहून जुना असलाच पाहिजे. पुरणात डाळ सापडली म्हणजे डाळ आधी शिजली होती, हे उघड आहे. चौथी गोष्ट विसंगती. खालचे थर उभे-तिरपे झालेले, त्यांची टोके झिजून सपाट झालेली, आणि त्या सपाटीवर नवे थर आडवे पसरलेले दिसले, तर मधल्या काळात डोंगर उठले, झिजले आणि जमीनदोस्त झाले असा अर्थ होतो. त्या एका रेषेत केवढा काळ हरवलेला असतो!

युरोपात या सूत्रांच्या जोडीला जीवाश्म होते. कोणत्या थरात कोणत्या जातीचे शिंपले सापडतात यावरून दूरदूरच्या थरांची जुळणी करता येई. आमच्या भागातील जुन्या खडकांत ओळखता येण्याजोगे शंख-शिंपले नाहीत. ते बनले तेव्हा कवचधारी प्राणी पृथ्वीवर अवतरलेच नव्हते. त्यामुळे फूट यांना वरच्या चार गोष्टींवरच सारी भिस्त ठेवावी लागली.

१८७० च्या आगेमागे फूट आपल्या भागात आले. बेळगाव, धारवाड, कलादगी हे तेव्हाचे मुंबई इलाख्याचे जिल्हे आणि कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग इत्यादी संस्थाने या मुलखाला इंग्रज दक्षिण मराठा प्रदेश म्हणत. त्याच नावाने फूट यांचा बृहत् अहवाल १८७६ साली प्रसिद्ध झाला. हुबळी-धारवाडला तेव्हा आगगाडी नव्हती. सदर्न मराठा रेल्वे कंपनीची स्थापनाच १८८२ सालची. घोड्यावरून आणि पायी हिंडून त्यांनी हा मुलूख नकाशावर आणला.

त्या मुलखाची उतरंड त्यांनी कशी लावली, हे पाहण्यासाठी धारवाडहून उत्तरेकडे गोकाक-बेळगावच्या दिशेने मनाने निघावे. आपल्या पायाखाली घड्या पडलेले, उभे-तिरपे झालेले प्राचीन खडक आहेत. पुढे घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या खोऱ्यांत त्यांच्या झिजलेल्या पाठीवर वालुकाश्माचे आणि चुनखडकाचे थर पसरलेले दिसतात. गोकाकचा सुमारे ५२ मीटरचा धबधबा याच कठीण थरांच्या कड्यावरून कोसळतो, आणि बदामीच्या लेण्यांतील लालसर दगड याच कुळातला. घटप्रभेकाठच्या कलादगी गावावरून फूट यांनी या थरांना कलादगी माला हे नाव दिले. तिच्या तळाच्या पिंडाश्मात खालच्या प्राचीन खडकांचेच गोटे सापडतात, तेव्हा कोण वडील याबद्दल शंका उरत नाही. आणखी उत्तरेला-पश्चिमेला गेले की या दोन्हींवर काळ्या पाषाणाचे, म्हणजे दक्षिण ट्रॅपचे आवरण येते. बेळगाव शहर त्यावरच वसले आहे. त्या काळ्या पाषाणाच्या माथ्यावर जांभा, आणि नद्यांच्या काठी सर्वांत धाकटा गाळ. प्राचीन खडक, कलादगी, ट्रॅप, जांभा, गाळ ही पाच पिढ्यांची वंशावळ. ती आजही तशीच शिकवली जाते.

सर्वांत धाकट्या गाळानेही त्यांना एक नवल दाखवले. गोकाकजवळच्या चिकदौली गावी जुन्या गाळात त्यांना गेंड्याची हाडे मिळाली. १८७४ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध करताना त्यांनी त्या जातीला दख्खनचे नाव दिले. ज्या रानात आज ज्वारी आणि ऊस डोलतो, तेथे एके काळी गेंडे चरत होते, हे आमच्या भागातल्या किती जणांना माहीत असेल? मलप्रभेच्या खोऱ्यातही त्यांनी अश्मयुगीन हत्यारे शोधली. पुढे १९५५ साली आर. व्ही. जोशी यांचा मलप्रभा खोऱ्यावरील ग्रंथ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि आपले कर्नाटक विद्यापीठ यांनी मिळून काढला, तो फूट यांच्याच वाटेवरचा.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. वरच्या यादीत मी नुसते प्राचीन खडक म्हटले, कारण १८७६ सालापर्यंत फूट यांनीही त्यांची नीट वाटणी केली नव्हती. आपल्याकडे दोन तऱ्हेचे प्राचीन खडक आहेत. एक नाइस, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, ग्रॅनाइटासारखा कठीण दगड. याला पट्टिताश्म असेही म्हणतात. दुसरे शिस्ट आणि त्याचे भाऊबंद : पापुद्रे सुटणारे दगड, हिरवट पडलेला जुना लाव्हा, लोखंडाच्या तांबड्या पट्ट्यांचे दगड, पिंडाश्म. आरंभी फूट यांनी ही सारी मंडळी एकाच नाइसच्या घराण्यात घातली होती. पण १८७४ साली गदगजवळच्या डंबळच्या डोंगरांतील सोन्याच्या खडकांचा अहवाल त्यांनी लिहिला होता, आणि पुढे बळ्ळारी-अनंतपूरकडे काम करताना हेच शिस्टचे पट्टे त्यांना पुन्हा पुन्हा भेटू लागले. हे पट्टे वायव्येकडून आग्नेयेकडे समांतर धावतात. धारवाड-शिमोगा हा एक पट्टा, डंबळ-चिकनायकनहळ्ळी हा दुसरा. प्रत्येक पट्टा नाइसच्या विस्तीर्ण पाटावर वाटीसारखा घडी पडून बसलेला आहे, असे त्यांना दिसू लागले. मधले थर झिजून गेले आणि वाट्यांच्या तळाशी राहिले तेवढे वाचले. तेव्हा हे खडक नाइसच्या घरातले नसून नाइसवर नंतर साचलेले वेगळे घराणे आहे, असा निर्णय त्यांनी केला. १८८६ साली त्यांनी त्याला धारवाड संघ असे नाव दिले, आणि १८८८ साली दक्षिण हिंदुस्थानातील सोने प्रामुख्याने याच संघात सापडते, हे दाखवणारा लेख लिहिला.

दहा वर्षांपूर्वीची स्वतःचीच मांडणी बाजूला सारून नवी मांडणी करणे सोपे नसते. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना एकदा जर्नलमध्ये लिहिलेले खोडायचे म्हणजे जिवावर येते. फूट यांनी ते पन्नाशीत केले, आणि त्याचा व्यवहारातही उपयोग झाला. कोलारच्या खाणी तेव्हा नुकत्या फळाला येत होत्या. सोने कोठे शोधायचे आणि कोठे शोधणे व्यर्थ, हे धारवाड संघाच्या नकाशावरून कळू लागले. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या; हट्टीची खाण अजून चालू आहे, आणि तीही याच प्रकारच्या शिस्टच्या पट्ट्यात आहे.

१८९१ साली फूट सर्वेक्षणातून निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. बडोदा संस्थानासाठी त्यांनी भूवैज्ञानिक पाहणी केली. तिचा ग्रंथ १८९८ साली निघाला. १८९४ साली म्हैसूर संस्थानाने भूविज्ञान खाते काढले, त्याचे पहिले प्रमुख तेच. उतारवयात ते सेलमजवळच्या येरकाड या थंड हवेच्या ठिकाणी राहिले. आयुष्यभर जमवलेल्या हत्यारांचा आणि मडक्यांचा संग्रह १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेला. त्याची सविस्तर सूची करण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. सूचीचे खंड १९१४ आणि १९१६ साली त्यांच्या पश्चात छापले गेले.

येथे चरित्र संपायला हवे. पण माझ्या मते फूट यांच्या आयुष्याचा खरा निकाल ते गेल्यावर लागला.

पहिला धक्का त्यांनीच उभ्या केलेल्या म्हैसूरच्या खात्यातून आला. त्यांच्यामागून तेथे आलेले डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ साली राज्याचा भूवैज्ञानिक इतिहास मांडला, आणि त्यात फूट यांची वंशावळ उलटी केली. स्मीथ यांच्या मते धारवाडचे शिस्ट हेच सर्वांत जुने. नाइस त्यांच्यात नंतर वितळलेल्या स्थितीत घुसला. पुरावा नव्हता असे नाही. पुष्कळ ठिकाणी नाइस-ग्रॅनाइटाच्या शिरा शिस्टला चिरून गेलेल्या दिसतात, आणि चिरला गेलेला आधीचा हे सूत्र तर फूट यांनाही मान्य होते. मग धारवाड संघातील पिंडाश्माचे काय? ते नदीतले गोटे नव्हेतच, जमिनीच्या दाबाने खडक चुरून झालेले गोळे आहेत, असे उत्तर स्मीथ यांनी दिले. हे मत अनेक दशके प्रमाण मानले गेले. बाप कोण आणि मुलगा कोण, याचाच वाद सुरू झाला. हातोडी आणि नकाशा यांच्या बळावर तो मिटण्यासारखा नव्हता, कारण दोन्ही बाजूंना दगडच साक्ष देत होते.

अशा वेळी कारकुनाची, म्हणजे आकड्याची गरज लागते. फूट यांच्या हयातीत वर्षांचे आकडे मांडले जात नव्हते असे नाही. लॉर्ड केल्विन यांच्यासारख्या श्रेष्ठ पदार्थवैज्ञानिकाने तापलेली पृथ्वी थंड होण्यास लागणाऱ्या काळावरून १८९७ साली तिचे वय २ ते ४ कोटी वर्षे काढले होते. बेळगावच्या काळ्या पाषाणाचे वय आज सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे निघते. म्हणजे केल्विन यांच्या हिशेबाने सारी पृथ्वीच बेळगावच्या दगडाहून लहान ठरत होती! आकडा हाती आला म्हणजे सत्य हाती आलेच असे नव्हे, हे यावरून चांगले कळते. गणितात चूक नव्हती. पृथ्वीच्या पोटातली उष्णता आत कशी फिरते याची कल्पना अपुरी होती, आणि किरणोत्सर्गाचा शोध नुकताच, १८९६ साली, बेकरेल यांना लागला होता.

त्या किरणोत्सर्गानेच खरे घड्याळ दिले. युरेनियम हळूहळू फुटत जाऊन शेवटी त्याचे शिसे बनते, आणि हा वेग उष्णतेने वा दाबाने बदलत नाही. युरेनियमाच्या मुख्य प्रकारातील निम्मे अणू बदलण्यास ४४७ कोटी वर्षे लागतात. झिरकॉन नावाचा एक बारीक स्फटिक ग्रॅनाइटात आणि नाइसमध्ये आढळतो. तो बनताना युरेनियमाला आपल्यात जागा देतो, शिशाला जवळजवळ देतच नाही. म्हणून आज त्याच्यात जे शिसे सापडते ते आतच जन्मलेले असते. राहिलेले युरेनियम आणि झालेले शिसे मोजले की स्फटिकाचे वय निघते. काळ्या पाषाणासाठी पोटॅशियम आणि आर्गॉन यांची जोडी वापरतात. आर्गॉन हा वायू असल्याने लाव्हा पातळ असताना तो निसटून जातो; लाव्हा थिजला की पुढे तयार होणारा आर्गॉन आत कोंडला जातो, आणि घड्याळ शून्यापासून चालू होते. कार्बन-१४ चे घड्याळ आपल्या परिचयाचे आहे; पण त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचाच असल्याने सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ते काही सांगू शकत नाही. धारवाडच्या दगडासाठी ते वापरणे म्हणजे डोंगर तोलायला सोनाराचा काटा घेणे होय.

आर्थर होम्स या तरुण इंग्रजाने १९११ साली युरेनियम-शिशाच्या पद्धतीने नॉर्वेतील एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले, आणि फूट गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, १९१३ साली, पृथ्वीच्या वयावर पुस्तक लिहिले. एक माणूस गेला आणि दुसऱ्याने तेथून धागा उचलला, असेच वाटते. याच होम्स यांनी १९५५ साली भारतीय द्वीपकल्पातील प्राचीन खडकांच्या वयांचा आढावा घेतला. मग हळूहळू प्रयोगशाळांतून आकडे येऊ लागले. १९८० साली हासन जिल्ह्यातील गोरूरजवळच्या नाइसचे वय ३३६ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. धारवाड संघातील लाव्हा आणि ज्वालामुखीची राख यांची वये साधारण २९० ते २६० कोटी वर्षांच्या दरम्यान निघाली. म्हणजे नाइस वडील, धारवाड धाकटा.

त्याच सुमारास रानातला पुरावाही नव्याने तपासला गेला. बी. पी. राधाकृष्ण, स्वामिनाथ, रामकृष्णन यांसारख्या भूवैज्ञानिकांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, धारवाडच्या तळाशी विसंगती आहे, आणि तेथल्या पिंडाश्मांतील नाइसचे गोटे हे खरोखर पाण्याने वाहून आणलेले गोटे आहेत. मग स्मीथ यांनी पाहिलेले खोटे होते काय? तेही नाही. शिस्टच्या पट्ट्यांतच दोन पिढ्या निघाल्या. म्हैसूरकडील सरगूर गटाचे शिस्ट ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि नाइस त्यांच्यात खरोखरच घुसलेला आहे. शिवाय धारवाड संघ बनल्यानंतरही, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, नवा ग्रॅनाइट वर आला आणि त्याने जुन्या सर्वांना चिरले. फूट यांनी दोन पिढ्यांचे शिस्ट एकाच घरात बसवले होते, ही त्यांची चूक. स्मीथ यांनी एका पिढीचे नाते दोघींना लावले, ही त्यांची. पण आमच्या हुबळी-धारवाडच्या खडकांपुरते बोलायचे तर फूट यांनी घोड्यावरून हिंडून लावलेला वडील-धाकटेपणा सुमारे नव्वद वर्षांनी बरोबर ठरला.

आकडा मिळाला म्हणून फूट यांची जुनी रीत निरुपयोगी झाली, असे मात्र कोणी समजू नये. कलादगी मालेचेच पाहा. वालुकाश्मातही झिरकॉनचे कण असतात, पण ते जुन्या डोंगरांतून झिजून आलेले असतात. त्यांचे वय काढले तर वालुकाश्माचे न निघता त्या डोंगराचे निघते. त्यावरून एवढेच म्हणता येते की, माला या कणांहून धाकटी आहे. तेव्हा पुन्हा खाली काय आणि वर काय, हेच पाहावे लागते. कोणता दगड प्रयोगशाळेत न्यायचा आणि निघालेला आकडा कोणाचा म्हणायचा, हे ठरवणारा माणूस रानात उभा असावाच लागतो.

फूट यांच्या हत्यारांनाही शेवटी साल मिळाले. अत्तिरामपक्कमच्या हत्यारांविषयी शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गारगोटीचा दगड उघड्यावर असताना आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे त्यात काही विरळ अणू तयार होतात. दगड गाडला गेला की नवे तयार होणे थांबते आणि जुने ठराविक वेगाने घटू लागतात. त्यांच्या प्रमाणावरून ती हत्यारे निदान १० लक्ष ७० हजार वर्षांची आणि सरासरीने सुमारे १५ लक्ष वर्षांची ठरली. फूट आणि किंग यांनी ती उचलली त्यानंतर १४८ वर्षांनी हे उत्तर आले.

फूट परके होते, सरकारचे नोकर होते, आणि त्यांच्या नकाशांचा लाभ आधी खाणवाल्या कंपन्यांना झाला, हे विसरण्याचे कारण नाही. त्यांना वाटा दाखवणारे, तंबू वाहणारे, ओढ्याकाठची हाडे नेमकी कोठे हे सांगणारे आपल्याच गावांतले लोक असणार. त्यांची नावे अहवालांतून मला मिळाली नाहीत. पण जेवढे दिसते तेवढेच लिहावे, चुकले तर स्वतःच दुरुस्त करावे, आणि जे कळत नाही त्यावर आकडा चिकटवू नये, ही त्यांची शिस्त आम्हा विद्यार्थ्यांना घेण्याजोगी आहे.

परवा पुन्हा त्या टेकाडावर गेलो होतो. तेथे आता एका बाजूने घरे चढू लागली आहेत, आणि पायासाठी खणलेल्या चरात तेच तांबूस पापुद्रे उघडे पडले आहेत. एक तुकडा मी घरी आणला. आजी असती तर तिला दाखवला असता. २६० कोटी या आकड्याचे तिला फारसे काही वाटले नसते; पण हा कोणाच्या पाठचा, हे तिने नक्की विचारले असते.